सूनमुखाचं खाचर

आई, आज चामटोलीकडून रिक्षाने घरी येत होते. पाऊस थांबला होता, ऊन पडलं नव्हतं, आणि भाताच्या खाचरातलं पाणी इतकं स्थिर होतं की रिक्षा थांबवून मी खाली उतरले. पाण्यात डोंगर उलटा उभा होता. त्याच्या पायाशी एक बगळा, आणि बगळ्याच्या पायाशी दुसरा बगळा. रिक्षावाला पोरगा म्हणाला, "आंटी, किसी को ढूँढ रही हो क्या?" मी नाही म्हटलं, पण उभी राहिले. मला तुम्ही बांधावर दिसलात वगैरे मी लिहिणार नाही, तुम्हाला असलं बोलणं आवडायचं नाही. एवढंच झालं, की घरी आले आणि चहा टाकायचं सोडून कागद घेऊन बसले.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मी कधी काही लिहायला घेतलं की तुम्ही विचारायचात, "काय म्हंतंय गो ते?" जसं काही कागदच बोलतोय. म्हणून हे मी हलक्या आवाजात वाचत वाचतच लिहिते आहे. घरात कोणी नाही, वेडी म्हणायला.

मी तुमची उल्हासनगरच्या कॅम्पातली सून, हे तुम्ही मला आयुष्यभर ऐकवलंत. बराकीतली आमची एक खोली, आणि शेजारच्या सिंधी काकूंच्या आणि आमच्या मध्ये प्लायवूडची भिंत. त्यांच्याकडे पापड भाजला की वास आमच्या अंथरुणावर यायचा. वडील एका शेठच्या कापडाच्या दुकानात गठ्ठे बांधायचे. आमच्या घरात जमीन हा शब्द फक्त पुसण्यासाठी होता. मालकीचं असं माझ्याजवळ काय होतं, तर एक पत्र्याची पेटी आणि तिचं पितळी कुलूप. तांदूळ मी गोणीतच बघितलेला. गोणीच्या आधी तो कुठे असतो हा विचारच कधी मनात आला नव्हता. हे अंबरनाथच्या कारखान्यात माझ्या मामाबरोबर कामाला होते, त्या ओळखीवर लग्न जुळलं, आणि ऐंशी-एक्याऐंशीच्या सुमाराला एका संध्याकाळी मी तुमच्या अंगणात टेम्पोतून उतरले. चुलीचा धूर, पेंढ्याचा वास, गोठ्यातून एक म्हैस माझ्याकडे मान वळवून बघते आहे. त्या दिवसाचं सगळं मला असंच आठवतं, पाण्याखालून बघितल्यासारखं. कडा हलतात, मधलं मात्र स्पष्ट असतं.

मधलं म्हणजे सूनमुख. मला पाटावर बसवलं आहे. तुम्ही शेजारी बसून आरशात माझं तोंड बघता आहात. माझ्या डोक्यावरून पदर पुढे आलेला, त्यामुळे आरशात मला तुमचा फक्त कपाळापर्यंतचा भाग दिसतो, वैधव्यानं मोकळं झालेलं कपाळ. आजूबाजूला बायकांची दाटी. सासू आता सुनेच्या अंगावर काय घालते ते बघायला सगळ्या माना पुढे आलेल्या. आणि तुम्ही म्हणता, "मी हिला खालचं खाचर दिलं." सगळ्या हसायला लागल्या. तुमची धाकटी बहीण म्हणाली, "अगं बाय, बोटात घालायला कायतरी दे तिला!" तुम्ही आरसा खाली ठेवलात. "बोटात कशाला? पोटात जाईल असं दिलंय." पुन्हा हशा. मीही हसले, कारण सगळ्या हसत होत्या. कॅम्पातल्या मैत्रिणींना पुढे हे सांगताना मी गंमत म्हणूनच सांगितलं, की माझ्या सासूने मला चिखल दिला.

ते खाचर म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, उल्हास नदीकडे उतरताना लागतं ते शेवटचं. तुम्ही मला ते पहिल्यांदा दाखवायला नेलंत तेव्हा थंडीचे दिवस होते. भात कापून झालेलं, खुंट राहिलेले, आणि नदीवरून धुकं असं सरकत येत होतं की बांध मधेच संपायचे आणि पुढे पुन्हा सुरू व्हायचे. तुम्ही पुढे, मी मागे. तुमचे पाय दिसायचे, कधी डोकं दिसायचं नाही. धुक्यातूनच तुमचा आवाज आला, "हे कोनाचं?" मी म्हटलं, "आपलं." तुम्ही थांबलात. मागे वळलात, आणि जवळ येऊन अशा नजरेने बघितलंत की मला वाटलं मी काही तरी घाण बोलले. "आपलं नाय. आपलं म्हनून म्हनून बायका मरतात आनि हातात कायच नसतं. तुजं हाय. म्हन, माजं."

मला म्हणता येईना. कॅम्पात आम्ही असं शिकलेलो, की माझं माझं करणारी मुलगी घर फोडते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिले. तुम्हीही उभ्या राहिलात. शेवटी मी म्हटलं, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं नाही. तुम्ही "हां" म्हणालात आणि चालायला लागलात. लग्नानंतर मी पहिला ओरडा खाल्ला तो हा. मीठ जास्त पडल्याचा नाही, दूध उतू घालवल्याचा नाही. माझं म्हणता आलं नाही म्हणून.

त्यानंतर दर वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत एकच क्रम. पालापाचोळा जाळून राब भाजलेल्या तुकड्यात रोप तयार झालेलं. कातकरवाडीतल्या बायका पावसासाठी पानांची इरली घेऊन बांधावर बसलेल्या, पण खालच्या खाचरात तुम्ही कोणाला उतरू द्यायचा नाहीत. आधी मला बोलवायचात. रोपाची पहिली मूठ माझ्या हातात द्यायचात, आणि मी ती वाकडीतिकडी कशीबशी लावली, की मगच त्या उतरायच्या. माझी मूठ हमखास तरंगून वर यायची. एक कातकरी बाई, माझ्याच वयाची, दर वेळी माझ्यामागून येऊन ती पुन्हा खोचायची आणि तुम्हाला दिसू नये म्हणून माझ्या आणि तुमच्या मध्ये उभी राहायची. तुम्हाला दिसायचंच. झोडणी झाली की त्या खाचराचं भात वेगळं यायचं आणि माजघरातल्या कोपऱ्यातल्या छोट्या कणगीत पडायचं. त्यातलं मला काय करायचं ते मी करावं, असं तुमचं म्हणणं. मी त्यातलं थोडं माहेरी न्यायचे. माझे वडील तो तांदूळ मुठीत घेऊन वास घेत बसायचे आणि शेजारच्या काकूंना हाक मारायचे, "भाभी, देखो, बेटी के खेत का चावल है." मी लाजून पाणी भरायला निघून जायचे.

तुम्ही हे का करता, ते एकदाच सांगितलंत. आपण दोघी बांधावर भाकरी खात होतो. मोठं ऊन होतं, नदी लांब चकाकत होती, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता बोलत होतात, जणू पाण्यालाच सांगताय. मामंजी असताना ती जागा नुसती दगडगोट्यांची होती, पूर आला की नदी तिथवर यायची, सरकारात सुद्धा तिला कोणी विचारत नव्हतं. तुम्ही दोघांनी टोपल्यांनी माती वाहिलीत. तुमचा पहिला मुलगा पोटात होता तेव्हाही वाहिलीत. बांध घातलात, तो पुराने नेला, पुन्हा घातलात. भात यायला लागलं तसे मामंजी गावात सांगायला लागले, मी खाचर केलं. "मी केलं म्हनायचा," तुम्ही म्हणालात आणि हसलात. "माजी टोपली कोनाला दिसली नाय. तोबी वाईट नव्हता गो. त्यालाबी दिसली नाय." मग भाकरीचा उरलेला तुकडा माझ्या हातात ठेवलात आणि उठलात.

हे गेले तेव्हा आमची मुलगी बालवाडीत होती. कावीळ झाली, आधी झाडपाल्याचं केलं, मग अंबरनाथला नेलं, मग पुढे नेलं, आणि मग संपलं. त्या महिन्यांबद्दल मी फार लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही मुलाला आणि मी नवऱ्याला रडत होतो, पण एकाच चुलीपुढे, आणि कोणी कोणाला गप्प केलं नाही. एवढं मात्र लिहिते, की माझा भाऊ मला न्यायला आला होता, माझी पेटी त्याने अंगणात आणून ठेवली होती, आणि तुम्ही ती उचलून पुन्हा आत नेलीत. एवढी जड पेटी. भाऊ चहा पिऊन गेला.

तोवर बदलापुरात इमारती उठायला लागल्या होत्या. आमच्या गावापर्यंत मोटारसायकलवरून माणसं यायची, बांधावर उभी राहून हातवारे करायची. खालच्या खाचराला लागूनच पुढे रस्ता होणार अशी बातमी होती, त्यामुळे ज्या जागेला कोणी विचारत नव्हतं तिच्याकडेच सगळे बघायला लागले. भावजींनी, यांच्या धाकट्या भावाने, वाटणीचा विषय काढला. आज मागे बघताना मला त्यांचा राग येत नाही. त्यांना दोन मुलगे, नोकरी नाही, आणि समोर माणूस उभा राहून विकतोस का विचारतोय. त्यांनी वाटणी अशी केली होती, की वरकस सगळी आम्हाला, म्हणजे डोंगराकडची ती खडकाळ, गवताची जमीन, आणि भाताची खाचरं त्यांना. शिवाय मुलीच्या लग्नाचं ते बघणार. ऐकायला ते वाईट नव्हतं.

थंडीतली सकाळ होती. ओटीवर गावातली दोन वडीलधारी माणसं, एक चुलत सासरे, भावजी. तुम्ही दाराच्या चौकटीला टेकून, मी आत. एकेक गोष्ट ठरत गेली. म्हैस कोणाची, विहिरीवर कोणी कधी यायचं, मोठा हंडा, आंब्याची झाडं. तुम्ही सगळ्याला मान हलवत होतात. मग खाचरांची पाळी आली आणि तुम्ही म्हणालात, "खालचं धरू नका. ते वाटनीतलं नाय. ते हिचं हाय."

भावजी हसले. "आये, ते लग्नातलं बोलनं. तोंडी बोलन्याला काय अर्थ हाय? कोन होतं तवा?"

"थांब," तुम्ही म्हणालात. अंगणात गेलात आणि गल्लीकडे तोंड करून एक हाक मारलीत. आदल्या दिवशी तुम्ही दुपारभर गावात कुठे फिरत होतात ते मला तेव्हा कळलं. त्या आल्या. तुमची धाकटी बहीण, न्हाव्याच्या घरची म्हातारी, बौद्धवाड्यातल्या तुमच्या मैत्रीणबाई, ज्यांचा मुलगा यांच्याबरोबर कारखान्यात जायचा, आणि सगळ्यांच्या मागे ती माझ्या वयाची कातकरी बाई, लेकरू कडेवर घेऊन. अंगणात येऊन सगळ्या खाली बसल्या, लग्नाला आल्यासारख्या. चुलत सासरे म्हणाले, "बायकांची पंचायत कवापासून बसायला लागली?"

"आवनीला बायका लागतात तवापासून," तुम्ही म्हणालात.

मग त्या सांगायला लागल्या. न्हाव्याच्या घरची म्हातारी म्हणाली, सूनमुखाच्या वेळी ही हिरवा शालू नेसली होती. तुमची बहीण म्हणाली, हिरवा कुठला, पिवळा. दोघींची जुंपली. मैत्रीणबाई मध्ये पडल्या, "लुगडं जाऊ दे तिकडं. शिरा करपला होता एवढं ध्यानात हाय, आनि खाचर दिलं ते ध्यानात हाय. आमी हसलो होतो." करपलेल्या शिऱ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. ओटीवरचा एक माणूस हसू दाबायला दुसरीकडे बघायला लागला. कातकरी बाई मागे लेकराला घेऊन बसून होती. तुम्ही तिच्याकडे बघितलंत. तेव्हा ती उभी राहिली आणि पुरुषांकडे न बघता माझ्याकडे बघत म्हणाली, "दरसाल पयली मूठ म्हातारी हिच्याकडनं लावून घेते. मंग आमी उतरतो. दुसऱ्याच्या शेतात कोन असं करंल?" आणि बसली.

भावजींचा चेहरा लाल झाला होता. ते तुमच्याशी बोलले नाहीत, आत वळून माझ्याशी बोलले. "वहिनी, तुमीच सांगा. एकच मुलगी हाय. उद्या ती लग्न करून जाईल, तुमी कॅम्पात माहेरी जाल. खाचर घेऊन काय करनार?"

मी दारापर्यंत आले. समोर अंगण, अंगणात त्या बायका, त्यांच्या मागे ऊन नुकतं पसरतंय, आणि त्या सगळ्या माझ्याकडे बघतायत. खरं सांगते, मी माहेरी जाणार होते की नव्हते, ते माझं मला ठरलेलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात. चौकटीवरच्या कसल्या तरी डागाकडे बघत होतात. मी म्हटलं, "भावजी, ते माझं आहे." आवाज माझा वाटला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग तुम्ही म्हणालात, "च्या ठेवा गो कोनीतरी. सकाळपासून बसलेत सगळे."

खाचर माझ्या आणि मुलीच्या नावावर चढलं. वरकसही आली थोडी. घराच्या मधून विटांची भिंत उठली, आणि तुम्ही तुमचं अंथरूण आणि जातं घेऊन भिंतीच्या माझ्या बाजूला आलात. भावजींनी बोलणं सोडलं. समोरून आले तरी पलीकडून जायचे. तुम्हाला ते लागत होतं, रोज लागत होतं, हे मला कळायचं. मुलगा भिंतीपलीकडे खोकला की तुमचा हात जात्यावर थांबायचा. मी अंबरनाथला एका कंपनीत पॅकिंगला जायला लागले, आणि पोरगी तुमच्यापाशी वाढली. पुढच्या पावसाळ्यात नांगरणीला कोणी बैल देईना. भावजींना वाईट वाटेल म्हणून गावातलं कोणी पुढे येईना, असंही असेल. रोप पिवळं पडायला लागलं. मी सुट्टी टाकून घरी बसले होते, काय करावं कळत नव्हतं, आणि सकाळी पोरगी धावत आली, "आई, काका आपल्या शेतात!"

आपण दोघी गेलो. रिमझिम होती, सगळं राखाडी, आणि त्यात भावजी गुडघाभर चिखलात, बैलांच्या मागे. त्यांनी आपल्याकडे बघितलं नाही. तुम्ही बांधावर उभ्या राहिलात, इरलं डोक्यावर, आणि तुमच्या तोंडावरून पाणी ओघळत होतं, पावसाचं की कसलं ते मी बघायला गेले नाही. त्यांनी पूर्ण खाचर नांगरलं, बैल सोडले, आणि जाताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "वहिनी, वरच्या कोपऱ्यात पानी तुंबतंय. मोरी काढून घ्या." एवढंच. पण त्या दिवसापासून ते भिंतीच्या पलीकडून हाक मारायला लागले. पुढे त्यांनी त्यांचं सगळं विकलं आणि बदलापुरात हेंद्रेपाड्याला फ्लॅट घेतला. जाताना तुमच्या पाया पडले आणि इतके रडले की शेवटी जाऊबाईंनी त्यांना ओढून नेलं.

तुमची शेवटची वर्षं मला एका लांबलचक दुपारीसारखी वाटतात. तुम्ही बांधावर आंब्याखाली बसलेल्या, अर्धवट झोपेत. भात पोटरीला आलेलं, वारा त्याच्यावरून जातो आणि शेत एकदम कूस बदलल्यासारखं हलतं. पोरगी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पुस्तक वाचते आहे. मी कंपनीतून येऊन तुमच्या शेजारी बसते. लांब कुठे तरी कारखान्याचा भोंगा होतो. तुम्ही डोळे न उघडता विचारता, "आली गो?" मी "आले" म्हणते. असं किती वेळा झालं असेल, पण मला ते एकदाच झाल्यासारखं आठवतं, न संपता. कापणीच्या दिवसांत तुम्ही दुपारी जेवून पडलात आणि उठला नाहीत. कातकरी बाई पहिली आली, तिच्या हातात विळा तसाच होता.

आता खाचराच्या तिन्ही बाजूंना इमारती आहेत. गच्च्यांवरून बायका कपडे वाळत घालताना खाली बघतात. विकता का विचारायला अजून माणसं येतात, मी चहा देते आणि नाही म्हणते. त्या कातकरी बाईची सून आता ते अर्धेलीने, निम्म्या वाट्याने करते, आणि चांगलं करते. पोरगी पुण्याला असते, तिच्या नावावर ते आहेच, पुढचं तिचं ती बघेल.

आणि आई, एक गोष्ट राहिली. तुम्ही गावभर सांगत फिरायचात, आमच्या कॅम्पातल्या पोरीला शेताचा भारी नाद हाय. रविवारी सुद्धा घरात थांबत नाय, बांधावरच असते. मी कधी नाही म्हटलं नाही. पण मला भातशेती कधीच आवडली नाही. चिखलात पाय घातला की आजही अंगावर काटा येतो, जळवांची तर इतकी भीती वाटायची की रात्री आवणी आठवली तरी पाय आखडून घ्यायचे. मी बांधावर यायचे कारण तुम्ही तिथे असायचात. हे तुम्हाला सांगावं असं पुष्कळदा तोंडापर्यंत आलं होतं. तुम्ही हसला असतात की रागावला असतात, ते मला अजून ठरवता येत नाही.